मागचा डावा स्पीकर

धुळ्यात पारोळा रोडवर माझं गाड्यांना स्टिरिओ-स्पीकर बसवायचं दुकान आहे. एकोणीस वर्षं हेच काम केल्यावर एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती : गाडीतल्या प्रत्येक आवाजाला कारण असतं. वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी अल्टरनेटरची, खरखर खराब अर्थिंगची, दारातली थरथर सैल पॅडची. कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं.

मे महिन्यात एका दुपारी योगेंद्र गाडी घेऊन आला. दोंडाईच्याला त्याचा मिरचीचा व्यापार. काच खाली होताच सुक्या मिरचीचा तिखट वास नाकात शिरला. मागच्या डाव्या सीटवर त्याची आई, सुमनबाई, बसल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी याच गाडीत, याच सीटवर, शिरपूरहून येताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दर आठवड्याला तो त्यांना व्यायामासाठी धुळ्याला आणायचा.

त्याला चारही दारांचे स्पीकर बदलायचे होते आणि जमलं तर अॅम्प्लिफायरही हवा होता. मी नेहमीचं विचारलं, गाणी कुठली ऐकता, किती मोठ्यानं ऐकता. त्यानं मला दुकानाच्या आत नेलं.

"गाणी नाही ऐकत, हितेंद्रभाऊ," तो हळू आवाजात म्हणाला. "मागच्या डाव्या स्पीकरमधून माय बोलते. शब्द लागत नाहीत, म्हणून चांगला स्पीकर पाहिजे."

अशा वेळी हसायचं नसतं. एखादं स्टेशन घुसत असेल, असं सांगून मी गाडीत जाऊन बसलो. पेन ड्राइव्ह काढला, रेडिओ बंद केला, आवाज पूर्ण वाढवला. आधी नुसती भुणभुण आली. मग तिच्या तळाशी एका बाईचा आवाज आला, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा. मी आरशात पाहिलं. सुमनबाईंचे ओठ मिटलेले होते आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी दारांचे पॅड उघडले. तीन जुने स्पीकर कोरडे ठणठणीत निघाले, पडद्याच्या कागदावर धुळीचा थर. मागच्या डाव्याचा कागद मात्र ओलसर होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, दारात पाण्याचा थेंब नाही. हिवाळ्यात काचेवर कुणी तोंडानं वाफ सोडावी, तसा तो ओलावा बोटाला लागला. कारण शोधायचं म्हणून मी दाराचं रबर तपासलं. रबर चांगलं होतं.

नवे स्पीकर बसवून स्टिरिओ लावला. या वेळी शब्द कळले. तेवढेच तीन शब्द पुन्हा पुन्हा येत होते, घाई नाही, राग नाही.

"आखो मोठा कर."

अजून मोठा कर. योगेंद्रचे डोळे भरून आले.

"हाऊ मायनाच आवाज शे," तो म्हणाला. "तिला बोलायचंय."

अॅम्प्लिफायर घालायचा की नाही, हे मी गिऱ्हाइकाला नेहमी साध्या भाषेत सांगतो. स्टिरिओची ताकद कमी पडत असेल तरच घालावा. तो फक्त गाणं मोठं करत नाही, आत जे काही असेल ते सगळं मोठं करतो. योगेंद्रलाही मी तेच सांगितलं. बोलत असतानाच सुमनबाईंनी डाव्या हातानं माझी बाही धरली. पकड घट्ट होती. त्यांनी मान हलवली, नाही, नाही. मी बाही सोडवली तेव्हा तोच हात त्यांनी मुलाच्या तोंडावर ठेवला आणि दाबून धरला.

योगेंद्रनं तो हळूच बाजूला केला. तिला उकडतंय, म्हणाला.

मी खोटं बोललो. माल संपलाय, पुढच्या आठवड्यात या, असं सांगून त्यांना पाठवलं. ते आले नाहीत. दहा-बारा दिवसांनी त्याचा फोन आला, जळगावला अॅम्प बसवून घेतला, आता माय बठ्ठं बोलते, सगळं सगळं. त्याचा घसा बसलेला होता. उन्हाळ्यात होतं, असं तो म्हणाला. त्यानंतरच्या फोनमध्ये मला त्याचा नुसता श्वास ऐकू आला.

जून सरत आला तेव्हा त्याची बायको पुनम हिनं फोन केला. ते गाडीतून उतरत नाहीत, जेवणही तिथेच, तुम्ही येऊन ते मशीन काढून द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोंडाईच्याला पोचलो. गाडी अंगणात निंबाखाली उभी होती, काचा बंद. ओट्यावर खाटेवर सुमनबाई गाडीकडे पाठ करून पडल्या होत्या. पुनम दारातच उभी राहिली, अंगणात उतरली नाही.

मी बॉनेट उघडलं आणि आधी बॅटरीची वायर काढली. मग अॅम्पचा फ्यूज काढून खिशात टाकला.

मागचं दार उघडलं. डाव्या सीटवर योगेंद्र बसला होता. बराच वाळला होता. मला पाहून हसला.

मी म्हटलं, बाहेर या.

"या, हितेंद्रभाऊ," त्याचा आवाज आला. "बसा. दार लावून घ्या."

तो तसाच हसत होता. ओठ मिटलेले होते.

आवाज दारातल्या स्पीकरमधून येत होता.

त्यामागोमाग स्पीकरच्या त्याच जाळीतून एका बाईचा म्हातारा आवाजही म्हणाला, बस रे भाऊ.

मी दार लोटलं आणि मागे सरत गेलो. अंगणाच्या फाटकापर्यंत. पंधरा-वीस पावलं असतील.

तिथून मी पुनमला हाक मारली. तोंड उघडलं, छातीतून जोर लावला.

हाक तिला ऐकू गेली. ती दचकली, "काय, भाऊ?" म्हणाली.

पण बघितलं तिनं गाडीकडे.