मरणाच्या फजितीची पुस्तकं

दार लोटून घ्या जरा. माझ्या एका मित्राची गोष्ट आहे, त्याच्याच तोंडून ऐकलेली. पुस्तकं बांधून देण्याचा धंदा त्याचा. सगळे त्याला बाइंडर म्हणत.

त्याचा मुलगा सातव्या वर्षी तापानं गेला. त्यानंतर या गड्याला एक नाद लागला. मरणाची टर उडवणारी जुनी, दुर्मीळ चित्रांची पुस्तकं जमवायची. त्यांत मरण म्हणजे हाडांचा सापळा. न्यायाधीशाला न्यायला येतो आणि जिन्यावरून गडगडतो, जाड्या सेनापतीला उचलायला जातो आणि कंबरेत उसण भरते.

मी म्हटलं, "लोक तिकिटं जमवतात, तू हे काय घेऊन बसलायस?"

"ज्यानं माझं पोर नेलं, त्याची फजिती बघितली की बरं वाटतं."

पण खरं सांगू? ती पुस्तकं बघताना तो हसलेला मला आठवत नाही. बायको तर त्या कपाटाकडे फिरकतही नसे.

गेल्या वर्षी, सतरा नोव्हेंबर, सोमवार. बायको बहिणीकडे राहायला गेलेली. हा संध्याकाळी एका दातांच्या डॉक्टरच्या विधवेकडून पुस्तक आणायला गेला. बत्तीस चित्रं, सगळी हातानं रंगवलेली. देताना बाई म्हणाल्या, "आमचे हे रोज बघायचे हे पुस्तक. शेवटचं चित्र मात्र एकदाच बघितलं, पुन्हा नाही."

"का हो?"

"त्यात विनोद नाही म्हणायचे."

रात्री सव्वादहाला तो टेबलाशी बसला. पहिलं पान उघडलं. सापळ्याची टोपी वाऱ्यानं उडालीय, आणि तो तिच्यामागे धावतोय.

खुदकन कुणीतरी हसलं.

अगदी शेजारी. कोपराजवळ.

मान वळवायची हिंमत होईना. ते हसणं तो ओळखत होता...

पान उलटलं. पुन्हा हसू. मग त्यानं पुस्तक जरासं डावीकडे सरकवलं. नीट दिसावं म्हणून. आणि मग तोही हसायला लागला. पानामागून पान, दोघंही.

एकतिसावं चित्र झालं. हात थांबला.

"पुरे आता. झोप."



"बाबा, अजून एक."

"नको रे राजा..."

"एकच."

त्यानं पान उलटलं.

सापळा पाठमोरा चाललाय. खांद्यावर झोपलेलं मूल. त्याचं डोकं कलंडू नये म्हणून हाडांच्या हातानं सावरलेलं. बस, एवढंच.

शेजारी कुणी हसलं नाही.

"बाळा?"

...

"बाळा?"

सकाळी बायको परत आली. तो तसाच बसलेला. ती दारातच थबकली.

"या उशा कुणी ठेवल्या?"

तेव्हा कुठे त्यानं मान वळवली. त्याच्या खुर्चीला खेटून दुसरी खुर्ची. तिच्यावर पलंगावरच्या दोन उशा, एकावर एक. लहान मुलाची उंची टेबलाला पुरावी म्हणून रचतो ना आपण, तशा. त्यानं ठेवल्या नव्हत्या.

वरची उशी मधोमध दबलेली होती.