पाटावरचा पेचकस

पद्मजानं फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली असा ढकलला, की पलीकडून वाकून बघणाऱ्या केशवच्या नाकालाच लागला.

"माझ्यावर कशाला राग काढतेस, ताई?"

"तू सापडलास म्हणून."

खरा राग होता अनंतकाकांवर. दसऱ्याच्या सकाळी, उस्मानपुऱ्यातल्या अख्ख्या गल्लीसमोर त्यांनी सांडूला पेट्रोलचोर ठरवलं होतं. सांडू शेजारच्या सरूबाईंचा भाचा, देवगाव रंगारीहून सुट्टीला आलेला. काल संध्याकाळी काका-काकू गाडीतून गुलमंडीला झेंडू आणायला जाऊन आले, आणि आज पाहतात तर पेट्रोलचा काटा खाली बसलेला. त्यात गाडी आल्या आल्या सांडू तिच्यापाशी वाकलेला काकांनी पाहिला होता. झालं! गावाकडे ट्रॅक्टरमधून डिझेल ओढणारी पोरं ही, असं ते फाटकात उभं राहून बोलले. सरूबाईंनी अपमानानं दार लावून घेतलं. भाच्याला दुपारच्या एसटीनं परत पाठवायचं म्हणून त्याची पिशवीही भरली.

"वास आला म्हणून वाकलो मी," सांडू कुंपणावरून म्हणाला. डोळे लाल होते, पण आवाज ताठ. "लई वास येत व्हता. आता आईला काय सांगू? चोर म्हणून हाकलला?"

पद्मजानं काकांना सांगून पाहिलं होतं, की गाडी गळत असेल. काका हसले. पेट्रोलचा फिल्टर त्यांनी कालच स्वतः, घरच्या घरी बदलला होता. गळती असती तर खाली डाग पडला नसता का? पोरींनी रांगोळीत लक्ष घालावं, असंही म्हणाले. तिथंच पद्मजाचं टाळकं सरकलं.

आणि आता पुठ्ठा ओढून पाहिला, तर कोरडा ठाक.

"संपलं," केशव म्हणाला.

पद्मजानं पुठ्ठ्याला एक लाथ घातली. मग थांबली. काल वास आला तेव्हा गाडी नुकतीच आली होती का, असं तिनं सांडूला विचारलं.

"व्हय. बोनेट तापलेलं व्हतं."

"मग इंजिन चालू असतानाच गळतंय! तेव्हाच पंप पेट्रोल पुढं ढकलतो. उभ्या गाडीखाली डाग कुठून येणार?"

केशव चावी आणायला पळाला. तिनं त्याची कॉलर धरली. पेट्रोलच्या वासात पोरांनी चावी फिरवायची नसते, अक्कल गहाण ठेवलीस का, असं ती खेकसली. गरजही नव्हती. पूजेसाठी काका स्वतःच गाडी फाटकापाशी आणणार होते. तिघांनी पुठ्ठा तिथं नेऊन अंथरला.

काकांनी गाडी आणली. पूजा उरकून कर्णपुऱ्याच्या जत्रेला निघायचं, म्हणून इंजिन चालूच ठेवलं. बोनेटवर झेंडूची माळ चढली. उमाकाकू तबक घेऊन आल्या. निरांजन तेवत होतं, कापूर पेटला होता.

पुठ्ठ्यावर एक थेंब पडला. मग दुसरा. मग काळा डाग पसरत गेला.

पद्मजा धावली, काकूंच्या वाटेत आडवी आली आणि तिनं फुंकर मारली. निरांजन विझलं. कापूर विझेना, तशी तिनं शेजारची पितळी वाटी त्यावर पालथी घातली.

दसऱ्याच्या दिवशी विझवलेली ज्योत! काकूंचा चेहरा पांढरा पडला. काका ओरडायला लागले, पण ती त्यांच्याहून मोठ्यानं बोलली.

"आधी गाडी बंद करा, काका! मग मला काय ते बोला!"

इंजिन थांबलं. तिनं ओला पुठ्ठा ओढून त्यांच्या नाकासमोर धरला.

बोनेट उघडलं. नव्या फिल्टरच्या नळीला क्लिप नव्हतीच, नुसती तार पिळलेली. कारण काकूंना ठाऊक होतं. काल खंडेनवमी. काम अर्धं झालं असताना हत्यारांच्या पूजेची वेळ झाली, आणि त्यांनी काकांच्या हातातला पेचकस पाटावर मांडला. पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलायचं नाही, म्हणून काकांनी तारेवर भागवलं. केशव देवघरात पळाला. पेचकसाशेजारीच दोन्ही नव्या क्लिपा होत्या, हळदकुंकू लावलेल्या.

"देवीनं पेचकस नको म्हटलं होतं, की तुम्ही घाई केलीत?" पद्मजानं विचारलं.

काकूंनी पाटाला हात जोडले आणि पेचकस उचलून काकांना दिला. या वेळी सगळं रीतसर झालं. गळलेल्या पेट्रोलवर वाळू टाकली, इंजिन थंड होऊ दिलं, बॅटरीची वायर काढली, गल्लीतल्या विड्या विझल्या. मगच क्लिपा आवळल्या. गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा खालचा नवा पुठ्ठा कोरडाच राहिला.

"पोरगी नसती तर गल्ली पेटली असती," सरूबाईंचे सासरे तात्यासाहेब म्हणाले. "शाब्बास!"

काकांनी आपट्याचं पान पद्मजापुढे धरलं. तिनं हात मागे घेतला.

"सकाळी जिथं उभे होतात तिथून. आणि तेवढ्याच मोठ्यानं."

काका फाटकात गेले. सांडू पिशवी घेऊन समोर उभा होता.

"चूक माझी होती, सांडू," ते म्हणाले. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "सोनं घे."

सांडूनं आधी पद्मजाकडे पाहिलं. तिनं मान डोलावल्यावर पान घेतलं, नमस्काराला वाकला, आणि उठताना पिशवी सरूबाईंच्या हातात दिली.

"आत्या, ही आत ठिव. जत्रा बघून येतो."