पंखा बंद कर!

पुण्याच्या अंतराळ-मनोविज्ञान प्रयोगशाळेत वामन सारोळकर पहिल्यांदा आले, तेव्हा आपल्याला चुकून बोलावलंय अशीच त्यांची समजूत होती. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस. उभ्या आयुष्यात एकच सिनेमा काढलेला, तोही इचलकरंजीत, बंद पडलेल्या मागांच्या शेडमध्ये. ‘परग्रहाचा जावई’. त्यातलं यान पुठ्ठ्याचं आणि शिरस्त्राणं म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली. आठवड्यात सिनेमा उतरला. पुढे कुठल्याशा वसतिगृहात कुणी तो लावला आणि तेव्हापासून तो काही केल्या मरेना. पोरं दरवर्षी लावायची, पडद्याशी गप्पा मारायची, पोट धरून हसायची. सारोळकर अशा खेळांना कधी गेले नाहीत. लोक आपल्याला हसतात, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

“चुकून नाही, सर,” डॉ. नसीमा मुकादम म्हणाल्या. त्या मेंदूतज्ज्ञ. मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘अगस्ती’ यानातल्या पाच जणांची मनं सांभाळणं हे त्यांचं काम. समोरच्या पडद्यावर पाच रेषा हलत होत्या. “ही त्या पाच मेंदूंची लय. कपाळावरच्या पट्टीतून मिळते. माणसं एकमेकांना धरून असली की रेषा एका चालीत येतात. आम्ही याला मेंदूताल म्हणतो. वाटेत कॅप्टन रेणुका टिपणीस आणि अभियंता जोमोन यांचं बिनसलं. बोलणंच बंद. यानात हजारो सिनेमे होते, एकाहून एक सरस. ताल काही जुळेना. मग कुणीतरी तुमचा लावला.”

“आणि हसले.”

“हसले. पण का, ते ऐका. चांगला सिनेमा सगळं स्वतःच करतो. पाच जण पाच खुर्च्यांत एकेकटे बसून बघतात. तुमचा नायक म्हणतो, ‘अंतराळात वारा नसतो,’ आणि त्याच्या मागचा पडदा फडफडतो. मेंदूला अशी फट सोसत नाही. ती बुजवायला तो धावतो, आणि पाचही मेंदू एकाच क्षणी धावतात. जोमोन केरळचा, त्याला मराठीचा गंध नाही. पण ‘पंखा बंद कर!’ असं सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडतो. दर खेळाला ते नवीन काहीतरी घालतात, म्हणून सिनेमा शिळा होत नाही.”

“थोडक्यात, माझ्या चुकांचा गुण.”

“चुकांनी सोडलेल्या जागेचा.”

अडचण अशी होती, की विश्वकिरणांनी यानातली प्रत निकामी केली होती. नवी पाठवायची तर परवानगी हवी, आणि हक्क सारोळकरांकडे. शिवाय घाई होती. थोड्याच दिवसांत पृथ्वी आणि मंगळ यांच्या मध्ये सूर्य येणार, पंधरवडाभर संपर्क तुटणार, आणि तो जुळला की लगेच पाच जणांनी मंगळावर उतरायचं.

“देतो,” सारोळकर म्हणाले, “पण सुधारून. पन्नास वर्षं ऐकतोय मी, सारोळकरानं सुतावरून स्वर्ग गाठला म्हणून. ते यान ज्याला टांगलं होतं, ते सूत दिसतं ना! आता तुमच्याकडे यंत्रं आहेत. माझ्या मनात होता तो सिनेमा लोकांनी एकदा तरी बघावा.”

मुकादम बाईंनी परोपरीनं समजावलं. म्हातारा हटला नाही. अखेर काहीच नसण्यापेक्षा हे बरं, म्हणून त्या कबूल झाल्या.

चित्रसुधारक यंत्रापाशी सारोळकर तहानभूक विसरून बसले. सूत पुसलं गेलं, पुठ्ठ्याचं पोलाद झालं, पडदा निश्चल झाला. तयार सिनेमा बघताना त्यांचे डोळे भरून आले. त्याच दिवशी तो मंगळाकडे रवाना झाला.

उत्तरात कॅप्टन टिपणीस आदबीनं म्हणाल्या, “सिनेमा सुंदर आहे, सर. आम्ही अगदी शांतपणे पाहिला.” त्या पुढे म्हणाल्या, “पण आम्हाला बोलायला जागाच राहिली नाही.”

त्यांच्या चित्राखाली पाच रेषा पाच दिशांना गेल्या होत्या.

सारोळकरांनी त्या रेषांवरून एकेक करत बोट फिरवलं. “जुना पाठवा,” ते म्हणाले. “सूत, पातेली, पंखा, सगळ्यासकट.”

“आता नाही पोचणार,” मुकादम बाई म्हणाल्या. “सूर्य आड आला.”

तो पंधरवडा सारोळकर पुण्यातच राहिले. रोज प्रयोगशाळेत यायचे, कोपऱ्यात बसायचे, चहा गार होऊ द्यायचे. आपल्या हट्टापायी पाच माणसं त्या पोकळीत एकमेकांकडे पाठ करून बसली असतील, हा विचार त्यांना झोपू देईना. मुकादम बाईंनी त्यांना बोल लावला नाही. त्यामुळे तर त्यांना जास्तच लागलं.

संपर्क जुळला तेव्हा त्या पंधरवड्यात यानात साठवलेल्या रेषा आधी आल्या. मुकादम बाईंनी त्या दोनदा तपासल्या. पाचही रेषा एकीवर एक बसल्या होत्या. इतका घट्ट ताल त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

“जुनी प्रत दुरुस्त झाली म्हणायची,” सारोळकर म्हणाले.

मग चित्रण आलं. यानातला पडदा काळाच होता. त्यावर काहीही चालू नव्हतं. पाच जण त्याच्यासमोर दाटीवाटीनं बसले होते. कॅप्टन टिपणीस नायकाच्या आवाजात म्हणाल्या, “अंतराळात वारा नसतो,” तसा जोमोन उठून टॉवेल फडकवू लागला आणि बाकीचे एका सुरात ओरडले.

“अहो, बरोबरच आहे,” मुकादम बाई हळूच म्हणाल्या. “जेवढी जागा रिकामी, तेवढा ताल. इथे तर सगळीच जागा रिकामी. माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

सारोळकरांचं तिकडे लक्ष नव्हतं. पडद्यासमोर आता जावयाची आई अवतरली होती. ती थेट शनीवरून आलेली, मानपानावरून रुसलेली, आणि गळ्यातली सगळी कडी मोजून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायला तयार नव्हती. सारोळकर खदखदून हसले. हसता हसता ठसका लागला.

“ही बाई माझ्या सिनेमात नाही हो,” ते डोळे पुसत म्हणाले.

चित्रणाच्या शेवटी कॅप्टन टिपणीस कॅमेऱ्याजवळ आल्या. “उद्या उतरतोय, सर. विहीणबाईंचा प्रवेश अजून अर्धाच झालाय. हक्क तुमचे, म्हणून विचारते. पुढचा आम्ही रचला तर चालेल?”

मुकादम बाईंनी ध्वनिग्राहक पुढे सरकवला. सारोळकर खुर्ची ओढून पुढे सरसावले.

“मला काय विचारता?” ते म्हणाले. “मी प्रेक्षक. ती घरात येते की नाही, तेवढं लवकर कळवा.”