बैस म्हणायची सुपारी

मऊरानीपूरहून झाशीला निघायचं म्हणजे कमलताईंना आधी चपलेचा पट्टा शेवटच्या भोकात घालावा लागे. आज तोही पुरला नाही. पाय भिजवलेल्या पावासारखे फुगले होते. बोट दाबलं की खड्डा पडे आणि तो भरून यायला वेळ लागे.

मूत्रपिंडं निकामी झाल्याला आता वर्षं लोटली होती. आठवड्यातून दोनदा झाशीत मशीनवर रक्त धुवून घ्यायचं, नाहीतर अंगातलं पाणी अंगातच साचायचं. मागची खेप चुकली होती, कारण सगळ्या बसगाड्या निवडणुकीच्या कामाला गेल्या होत्या. "आज छूट गया तो पानी फेफड़ों में चला जाएगा," असं डायलिसिस सेंटरवरच्या तंत्रज्ञ आशुतोषने फोनवर निक्षून सांगितलं होतं.

निघण्याआधी त्यांनी रोजच्यासारखी डाव्या हातावर दोन बोटं ठेवली. मशीनच्या सुया टोचण्यासाठी तिथली शीर डॉक्टरांनी धमनीला जोडून दिली होती. कातडीखाली मांजर गुरगुरावं तशी थरथर लागली. ती लागते तोवर हात चालू, हात चालू तोवर मशीन चालू.

मग पदराच्या गाठीतली सुपारी चाचपली.

त्यांच्या घरातली ही जुनी रीत. प्रवासाला निघताना देवापुढच्या सुपारीला हळदकुंकू लावायचं, "चल आमच्यासंगे" म्हणायचं आणि ती पदरात बांधायची. परत आलं की "आता बैस" म्हणून तुळशीत सोडायची. कमलताईंनी दिवाळीपासून तिला बसवलंच नव्हतं. परवा पुन्हा जायचंच, मग देवाला कशाला उठबस करायला लावा? त्यांचा प्रवास संपत नव्हता, तर देवाचा तरी कसा संपावा?

मुलगी आभा बरोबर होती. तिला मराठी सगळं कळे, पण बोलताना अर्ध्यात हिंदी येई.

बसमध्ये दोन बकऱ्या होत्या. पुढच्या बाकावर कोणीतरी ओकलं होतं आणि त्यावर टाकलेली माती आता ओली होऊन पसरत होती. कमलताईंच्या तोंडात लोखंडाची चव होती. स्वतःच्याच श्वासाला मुतारीसारखा वास येत होता, म्हणून त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

बरुआसागर मागे पडलं आणि बेतवा नदीच्या पुलाअलीकडे बस थांबली.

"मच्छी को ट्रक पलट गओ," कंडक्टर म्हणाला. "पूरो पुल चिकनो हो गओ है."

जेठातलं, भर उन्हाळ्याचं ऊन, आणि वाऱ्याबरोबर येणारी सडक्या मासळीची घाण. माश्या आत शिरल्या. त्या सगळ्यांना सोडून कमलताईंच्याच ओठांवर बसत होत्या.

"आई, दम लागतोय?"

"लागतोय गं."

"पानी दूँ? बस एक घूँट?"

"नको. आधीच काय कमी साचलंय? देव बरोबर आहे, तो नेईल."

"देव को बोलो, क्रेन लेके आए," आभा म्हणाली. ओढणीने ती आईच्या तोंडावरच्या माश्या हाकलू लागली.

कमलताई डोळे मिटून नाव घेऊ लागल्या. प्रत्येक श्वासाला छातीत बुडबुडे वाजत होते. मला पोचव, एवढंच त्या म्हणत होत्या. कसंही करून पोचव.

थोड्या वेळाने मांडी ओली लागली.

घाम असेल, त्यांना वाटलं. पण ओल एकाच जागी होती, पदराच्या गाठीखाली. गाठीतून थेंब गळत होता. एक पडला की दुसरा सावकाश फुगायचा. आणि वास मासळीचा नव्हता. तो त्यांना ओळखीचा होता. त्यांच्याच तोंडाचा वास.

त्यांनी गाठ सोडली.

सुपारी लिंबाएवढी झाली होती. पांढरी पडलेली आणि मऊ, पाण्यात राहिलेल्या बोटाच्या पेरासारखी सुरकुतलेली. कुंकू तिच्या घड्यांत जाऊन बसलं होतं. त्यांनी नकळत बोट दाबलं. खड्डा पडला आणि सावकाश भरून आला.

कमलताईंनी बोट झटकलं.

"छी!" आभाने नाकाला ओढणी लावली. "आई, सड़ गई है ये. फेंको बाहर!"

"देव आहे तो."

"ये देव है? इसको देखो तो!"

कमलताईंनी पाहिलं नाही. डोळे मिटून गाठ पुन्हा बांधली आणि हात साडीला पुसला, पुन्हा पुसला. शिसारी जाईना. वाटेत सोडायची नसते, एवढंच त्यांना माहीत होतं.

पुढच्या बाकावरच्या बाईने खाली गळणारे थेंब पाहून पाय वर घेतले. "काए अम्मा, का चुअत है?"

कमलताईंनी गाठ मांडीवर घट्ट धरली.

ऊन कललं तेव्हा क्रेन आली. बस हलली, तेव्हा कमलताईंची चप्पल पायातून गळून पडली. बांगड्या मनगटावर खाली घसरल्या. त्यांनी खोल श्वास घेतला, आणि तो पुरा आत गेला.

"आई, चेहऱ्याची सूज कितनी उतर गई तुमची! पहले जैसी दिखती हो," आभा हसत रडायला लागली. "मान गई मैं. सच में मान गई."

कमलताई हसल्या नाहीत. मांडीवरचं ओझं आता एखाद्या तान्ह्या मुलाएवढं झालं होतं. त्यांच्या श्वासातला वास पार नाहीसा झाला होता. तो खालून येत होता.

सेंटरवर आशुतोषने त्यांना काट्यावर उभं केलं. ओझं सांभाळणारा हात त्यांनी बाजूच्या टेबलावर टेकवला. त्याने काटा पाहिला, पुन्हा उभं केलं.

"अम्मा जी, कहीं और करवा के आईं क्या? पानी तो है ही नहीं."

"देव ने किया," आभा म्हणाली.

तो हसला आणि सवयीने त्याने त्यांच्या डाव्या हातावर बोटं ठेवली.

हसू तसंच राहिलं. त्याने बोटं हलवली, जरा वर, जरा खाली. मग नळी कानाला लावली आणि बराच वेळ ऐकलं.

"सुबह चल रहा था?"

"होय. पाहिलं होतं मी."

तो डॉक्टरांना बोलवायला गेला.

कमलताईंनी स्वतः बोटं ठेवली. कातडी गार होती, आणि खाली काहीच नव्हतं.

आभाचं तोंड पांढरं झालं होतं. तिने कोपऱ्यातली कचऱ्याची बादली ओढली. "दे दो आई. मैं फेंकती हूँ इसको. अभी."

कमलताईंनाही तेच हवं होतं. ती किळस आता सोसवत नव्हती. त्यांनी श्वास रोखून गाठ सोडली, आणि त्या ओल्या, कोमट कातडीला त्यांची बोटं लागली.

बोटांखाली सकाळचंच मांजर गुरगुरत होतं.

"आई? दो ना."

कमलताईंनी पदर सावकाश पुन्हा आवळला. ओठांवर शब्द आले होते. आता बैस, एवढेच. ते म्हणण्याची त्यांची छाती झाली नाही.