आठवा पाहुणा

दर सोमवारी तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज आटोपून आला की याकूब आधी दिवाणियाचा दरवाजा उघडायचा. कुवेतच्या शामिया वस्तीतल्या त्या घराला दोन दारं होती. एक घरच्यांसाठी, आणि दुसरं रस्त्यावरून थेट दिवाणियात, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीत उघडणारं. एकेकाळी तिथल्या तीन भिंतींच्या कडेने मांडलेल्या गाद्यांवर वीस-वीस माणसं बसायची, पत्त्यांवरून एकमेकांच्या उरावर बसायची आणि चहा पीत समेट करायची. मग कुणी वारलं, कुणाचे गुडघे गेले, कुणाला मुलांनी लांबच्या नव्या वस्तीत नेलं. उरलासुरला बू मिशारीही रमजानपासून फिरकला नव्हता. याकूब तरीही अंगातल्या पायघोळ दिशदाशाची घडी सारखी करून यजमानाच्या जागी एकटाच बसून राहायचा.

समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात त्याने तीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढली होती. दाब, तपमान आणि नोंदवही यांपलीकडे तो फारसा कशावर विश्वास ठेवत नसे. पण दिवाणिया बंद करायची गोष्ट निघाली की तो उठून गाद्या झटकायला लागायचा.

आणि ती गोष्ट निघाली होती. लूलवा ही त्याची एकुलती एक लेक, मँचेस्टरला दातांची डॉक्टर. मुलगा नसल्यामुळे सगळे याकूबला बू लूलवा, म्हणजे लूलवाचा बाप म्हणत, आणि त्याला ते मिरवायला आवडे. उन्हाळ्यात ती आली तेव्हा तिने बापाला स्पष्टच सांगितलं, "युबा, नवीन वर्षापर्यंत बघते. कुणी येत नसेल तर दिवाणियाला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे. भिंतींना चहा पाजत बसलेले तुम्ही मला चालायचे नाहीत."

"येतात माणसं," याकूब म्हणाला.

"कोण येतं? माश्या?"

जाण्याआधी तिने घरभर, दोन्ही बाजूंनी बोलता येईल असे पाच बिनतारी स्पीकर बसवून दिले. दिवाणियात, बोळात, स्वयंपाकघरात, दिवाणखान्यात आणि त्याच्या झोपायच्या खोलीत. बाहेरच्या कुणाला त्यांवर काही लावायचं किंवा बोलायचं असेल तर त्याने फोनवरून विनंती पाठवायची आणि घरमालकाने ती मान्य करायची. मग पाहुण्याचं नाव यादीत चढे. घरमालक म्हणून याकूबचा आणि लूलवाचा असे दोन फोन नोंदले होते, त्यामुळे यादी तिला तिकडे बसून दिसायची. पाहुण्याचा फोन मात्र घराच्या भिंतींच्या आत असावा लागे. दारापलीकडे पाऊल पडलं की नाव आपोआप गळून जाई. याकूबने हे स्वयंपाक्याचा फोन घेऊन स्वतः रस्त्यावर जाऊन तपासलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी तो असाच बसला होता. बाहेर बारीक धूळ उडत होती. त्याच्या फोनवर विनंती आली. नावाच्या जागी नुसतं 'पाहुणा' होतं.

त्याने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. शेजारच्या ड्रायव्हरचं बोट चुकून लागलं असेल, असं त्याला वाटलं. पण खाली दोनच पर्याय होते, येऊ द्या किंवा नाकारा. आणि दारात आलेल्याला नाही म्हणणं त्या घरात कधी घडलं नव्हतं. बापाने आणि आजोबाने कधी आलेल्याचं नावसुद्धा आधी विचारलं नव्हतं. याकूबने 'येऊ द्या' दाबलं.

स्पीकरमधून गादी दबल्याचा आवाज आला. मग दमून आलेला माणूस टेकल्यावर सोडतो तसा एक लांब सुस्कारा. पुढे काहीच नाही. पाच मिनिटांनी लूलवाचा फोन आला. "यादीत पाहुणा दिसतोय! कोण आलंय हो?"

"आलाय एक जण," याकूब म्हणाला. तिच्या आवाजातला आनंद त्याने किती दिवसांनी ऐकला होता. खरं सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

पुढच्या सोमवारी तिघे झाले. चहाच्या पेल्यात चमचा फिरल्याचा आवाज, पत्ता आपटल्याचा आवाज, भिंतीपलीकडून यावी तशी हलकी कुजबुज. याकूबमधला इंजिनिअर जागा झाला. त्याने पासवर्ड बदलला, सगळे स्पीकर काढून पुन्हा जोडले आणि वेळ घालून सगळं वहीत लिहिलं. यादी होती तशीच राहिली. तो वही मिटून बसला असतानाच मोईदू तबक घेऊन आला. मलबारचा हा स्वयंपाकी वीस वर्षं त्याच्याकडे होता. तबकात चार पेले होते.

"चार कशाला?" याकूबने विचारलं.

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना! स्वयंपाकघरातल्या स्पीकरवरून. चार चहा, एक बिनसाखरेचा." मोईदूने रिकाम्या गाद्यांकडे पाहिलं, तबक खाली ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेला.

याकूबच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं. चौथ्या सोमवारपर्यंत सात पाहुणे झाले आणि तो त्यांच्याशी बोलू लागला. कारखान्यातला तो भला मोठा पंप कसा बिघडला, बायको गेली त्या वर्षी तो घरात कसा वावरला, सगळं त्याने सांगितलं. हसायच्या जागी स्पीकर हसे. बायकोची गोष्ट निघाली तेव्हा सातही जण गप्प झाले. ती गेल्यापासूनच्या चार वर्षांत इतकं मन लावून त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

फक्त ते जात नव्हते. मंगळवारी नावं यादीत होती, बुधवारी होती. बोळातल्या स्पीकरमध्ये कुणी खाकरायचं. दुपारी तो आडवा झाला की उशाशी कुणीतरी गादीवर कूस बदलायचं.

"पाहुण्यांना घरदार नाही का, बाबा?" मोईदूने एकदा हळूच विचारलं. तेव्हापासून तो दिवाणियात पाऊल टाकेना. तबक उंबऱ्यावर ठेवून मागे फिरायचा.

नवीन वर्षाच्या आधीच्या सोमवारी लूलवाचा फोन आला. तिचा आवाज वेगळाच लागत होता. "युबा, मी बू मिशारीचाचांशी बोलले. ते म्हणाले, तुमच्याकडे रमजानपासून कुणी येत नाही. मग हे सात जण कोण आहेत?"

याकूबने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी आत्ता तीनदा काढून टाकलं त्यांना. परत येतात. युबा, यादीप्रमाणे ते घरात आहेत. तुमच्याजवळ आहेत. मी पोलिसांना कळवते."

"पोलिसांना? माझ्या पाहुण्यांसाठी?" याकूबचा आवाज चढला. मग लेक रडतेय हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो एकदम विरघळला. "रडू नकोस. पाहुण्यांना असं बोटाने पुसायचं नसतं, बाळ. मी त्यांना रीतीने निरोप देतो. तुझ्यासाठी देतो. मग तू म्हणशील तिथे येईन."

रीत साधी होती. यजमानाने धूपदाणी फिरवली की पाहुण्यांनी धूर अंगावर घ्यायचा आणि उठायचं; धूर घेतला म्हणजे निरोप घेतला. निघा असं तोंडाने म्हणावं लागत नाही. याकूबने निखाऱ्यावर ऊद ठेवला. धुराची सरळ रेघ वर चढली.

पहिल्या गादीपुढे तो वाकला. धूर वाकला, कुणी हाताने दाढीकडे ओढून घ्यावा तसा. याकूबने धूपदाणी दोन्ही हातांनी धरली.

दुसऱ्या गादीपुढे वाकला. तिसऱ्या. सातही ठिकाणी धूर वाकला.

शेवटी, आयुष्यभराच्या सवयीने, त्याने स्वतःही ओंजळभर धूर छातीशी घेतला.

गाद्या एकेक करून दबल्या आणि उचलल्या गेल्या. दारातून धुळीची झुळूक आत आली. फोनवरची नावं गळत गेली. सहा, चार, एक. मग यादी कोरी झाली.

याकूब आपल्या जागी बसला. घर इतकं रितं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

"युबा!" लूलवाचा आवाज पाचही स्पीकरमधून आला. "गेले सगळे! ऐकताय ना?"

"ऐकतोय, बाळ," तो म्हणाला.

"युबा? बोला ना. युबा?"

तो मोठ्याने बोलला. मग ओरडला.

"मोईदू, जरा बघ रे. युबा उत्तर देत नाहीत."

मोईदू उंबऱ्यापर्यंत आला. त्याने खोलीभर नजर फिरवली. ती याकूबच्या चेहऱ्यावरून सरकत पुढे गेली. "इथे कुणी नाही, बेटी. बाबा पाहुण्यांना सोडायला बाहेर गेले असतील."

याकूबने फोन हातात घेतला. स्पीकरवरून बोललो तर तिला ऐकू जाईल, असं त्याला वाटलं. त्याने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: या घरात बोलण्यासाठी घरमालकाची परवानगी हवी.

त्याने विनंती पाठवली.

मँचेस्टरमध्ये तिचा फोन किणकिणला. ते किणकिणणं पाचही स्पीकरमधून ऐकू आलं.

"आणखी एक पाहुणा आलाय, मोईदू," ती कुजबुजली. "आत येऊ का विचारतोय."

"नको, बेटी," मोईदू म्हणाला.

"नाहीच," लूलवा म्हणाली, आणि तिने नाकारलं.