काचेच्या कपाटातलं भेकर

भाईंदर पश्चिमेच्या त्या कॉलेजात मृणालिनीला मुलं 'हाडवाल्या मॅडम' म्हणायची. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सगळे सांगाडे तिच्या हातचे होते. रविवारी बसने वरसाव्याला उतरायचं, गावामागच्या टेकडीवरच्या झाडीत काठीने पालापाचोळा उकरायचा, मिळेल ते पिशवीत घालायचं. मग सोसायटीच्या गच्चीवर हाडं बादलीत कुजत ठेवायची, मांस सुटलं की जुन्या टूथब्रशने घासायची आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उजळायची. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून कपडे वाळत घालत. एका कोल्ह्यापायी तिची कित्येक वर्षं अशी गेली होती. त्याचा मागचा डावा पाय तेवढा सापडत नव्हता.

त्र्याण्णव साली प्रयोगशाळेच्या दाराशी काचेचं नवं कपाट आलं. त्यात एकच सांगाडा राहणार होता, खाली तो जोडणाऱ्याच्या नावाची पाटी. मृणालिनीने मनातल्या मनात कोल्हा तिथे केव्हाच उभा केला होता.

त्याच वर्षी ममता विभागात नोकरीला लागली. श्रावणातल्या एका रविवारी मृणालिनीनेच तिला टेकडीवर नेलं. ममता काठीसुद्धा न घेता आली. जरा वेळ एका कातळावर बसली, मग उठून सरळ करवंदीच्या जाळीमागे गेली.

तिथे भेकराची हाडं पडली होती. सगळी. शेपटीच्या शेवटच्या मणक्यापर्यंत.

मृणालिनीने एकेक हाड फिरवून पाहिलं. कुणाच्या दातांची खूण नव्हती. मुंगी नव्हती, वास नव्हता. भोवतालच्या मातीचा चिखल झाला होता आणि हाडं कोरडी होती.

"कशी शोधलीस?"

"शोधली कुठे, मॅडम? इथेच तर होती."

उतरताना गावातली शेवंती भेटली. तिने ममताच्या पिशवीत डोकावून पाहिलं आणि ती मागे सरकली. "बाय, होती तिथं नेऊन ठेव. आमची कुत्री बी त्यांना तोंड लावत न्हाय."

ममता हसली. मृणालिनीचं लक्ष मात्र आपल्या रिकाम्या पिशवीकडे होतं.

भेकर पाहून विभागप्रमुखांनी कपाटाचा प्रश्न तिथल्या तिथे मिटवला. वर मुलांसमोर म्हणाले, "मृणालिनीबाई, तुमचं हाडवालीपण गेलं हं आता." मुलं हसली. तीही हसली. घरी जाऊन तिने कोल्ह्याचं खोकं पलंगाखाली ढकललं.

गणपतीच्या सुट्टीआधी, दुपारी सगळे गेल्यावर, तिने भेकराच्या ट्रेमधून मागच्या डाव्या पायाची हाडं उचलली आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बरणीत सोडली. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती हा प्रयोग दाखवायची. ॲसिड हाडातला चुना काढून घेतं. आकार तसाच राहतो, पण हाड रबरासारखं वाकतं.

हाडांवर बारीक बुडबुडे धरले. ती बघत राहिली.

सुट्टी संपली त्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. हाडं धुतली, पुसली, होती तशी ट्रेमध्ये मांडली.

ममता आली. तिने नडगीचं हाड उचललं. ते मधोमध वाकून लोंबलं.

ममता रडली नाही. तिने हाड दोन्ही मुठींत धरलं, गारठलेलं पाखरू धरावं तसं. तिचे डोळे मृणालिनीवर होते. त्या नजरेत राग नव्हता.

मग तिने हाड टेबलावर ठेवलं. टक् असा, कडक हाडाचा आवाज झाला.

"ओलं होतं वाटतं," ममता म्हणाली.

संध्याकाळपर्यंत भेकर कपाटात चारी पायांवर उभं राहिलं. खाली पाटी लागली. पाटीवर दोन नावं होती आणि पहिलं मृणालिनीचं होतं.

"तुमच्याशिवाय झालं नसतं, मॅडम," ममता म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली.

मृणालिनी पाटीजवळ गेली. आपलं नाव तिने पुन्हा वाचलं. अक्षरांवरून फिरवायला तिने काचेवर बोट टेकवलं.

बोट मागे वळलं. वळत वळत नख तळहाताच्या मागच्या बाजूला जाऊन टेकलं. दुखलं नाही.

दुसऱ्या हाताने तिने ते हळूच सरळ केलं. मग सोडून पाहिलं.

ते खाली लोंबलं.