शंभरावा फेरा

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण हे खरं घडलंय. केज तालुक्यातल्या एका तळ्यात, आणि तेही भर दुपारी बारा वाजता.

आधी शर्यतीचं ऐका.

सत्त्याऐंशी साल. दुष्काळाचं सलग तिसरं वर्ष. ऊस जळालेला, सहकारी कारखान्याचं धुराडं थंड, तळं ठणठणीत कोरडं. पोरं नुसती पारावर बसून. म्हणून चेअरमननी तळ्याच्या बुडात मोटारसायकलची शर्यत सुरू केली होती, दर उन्हाळ्यात. सकाळी सहा ते बारा, शंभर फेरे, पाय टेकायचा नाही. पहिल्या येणाऱ्याला कारखान्यात ड्रायव्हरची कायमची नोकरी.

मोजणी घरच्याच माणसानं करायची. फेरा झाला की पाटीत एक खडा. शंभर झाले की लाल झेंडा. गाडीवाल्याच्या डोक्यात आकडा कुठला राहतोय! झेंडा दिसेपर्यंत त्यानं आपलं फिरत राहायचं.

सोमलिंगचे खडे त्याची थोरली बहीण शिवगंगा टाकत होती. आईमागं तिनंच त्याला वाढवलेला.

"आक्का, झेंडा दावला की गार पानी दे. लई तहान लागती बग," निघताना तो म्हणाला होता.

अठ्ठ्याण्णव खडे पडले. सोमलिंग सगळ्यांच्या पुढं. घागर मात्र रिकामी.

तेवढ्यात बांधावर टँकरचा हॉर्न वाजला.

झालं! सगळा गाव उधळला. शिवगंगाही तांब्या घेऊन पळाली. दोन फेऱ्यांत येते की परत, असं तिला वाटलं. पण टँकरपाशी काय रेटारेटी असते, ते तुम्हाला सांगायला नको.

भरला तांब्या घेऊन ती आली, तेव्हा सोमलिंग शंभरावा फेरा पुरा करून चुन्याच्या रेघेवरून पुढं चालला होता. मान वळवून ती बसायची तो रिकामा दगड बघत होता...

"सोमा! थांब रे! झाले!"

त्याला ऐकू गेलं नाही. तो धुळीत शिरला. धुळीपलीकडं जुनी, बिनकठड्याची विहीर होती.

गाडीचा आवाज एकदम बंद पडला...

शर्यत पुन्हा कधी झाली नाही.

दोन हजार सोळाला तळं परत आटलं. मेंढरं राखणारा सटवा धापा टाकत शिवगंगाच्या दारात आला.

"आक्का, तळ्यात गाडी फिरतीया. आवाज येतुया... गाडी न्हाई."

ती उठली. ट्रंकेतला झेंडा काढला, तांब्या भरला आणि सटवाला घेऊन त्याच दगडावर जाऊन बसली.

बारा वाजले.

फट्... फट्... फट्...

सोमाची राजदूत गाडीच! धूळ नाही. चाकाची खूण नाही. आवाज तेवढा तळ्याला वळसा घालून जवळ येत होता... दमलेला.

एकोणतीस वर्षं लेकरू फिरत होतं!

तिनं रडत रडत झेंडा हलवला. "झाले रे शंभर, सोमा. उतर आता."

आवाज तिच्या पुढ्यात येऊन थांबला. पेट्रोलचा वास आला.

आणि तांब्यातलं पाणी... हळूहळू खाली जायला लागलं. सटवानं ते डोळ्यानं पाहिलं.

तांब्या रिता झाला. मग तिच्या कानाशी कुणीतरी म्हणालं...

"लई येळ लावलास, आक्का."

त्या दिवसापासून तळं गप्प आहे. लोक म्हणाले, पोरगा सुटला.

शिवगंगा अजून रोज बाराला तांब्या भरून तळ्यावर जाते. संध्याकाळी तो तसाच भरलेला परत आणते.

"तवा उशीर केला, सटवा," ती म्हणते, "अन् आता घाई केली. आजून एक फेरा तरी ऐकायला पायजे हुता."